सामायिक घरातील निवासाचा हक्क

सामायिक घरातील निवासाचा हक्क हा ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ या भारतीय कायद्याने स्त्रियांना दिलेला वैधानिक हक्क आहे. कायद्याच्या कलम १७ नुसार कौटुंबिक नातेसंबंधात असलेल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क असून त्या घरात तिची मालकी, हिस्सा किंवा अन्य हितसंबंध असण्याची अट नाही. कायदेशीर प्रक्रियेचा अवलंब केल्याशिवाय तिला त्या घरातून किंवा घराच्या कोणत्याही भागातून बाहेर काढता येत नाही. या हक्काचे संरक्षण करण्यासाठी न्यायदंडाधिकारी कलम १९ खाली ‘निवास आदेश’ देऊ शकतात.

हा हक्क मालकीहक्क नाही. त्यामुळे घर स्त्रीच्या नावावर होत नाही, तिला ते विकता येत नाही किंवा त्यात वारसाहक्काने वाटाही मिळत नाही. घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न आणि घरातून कोणाला हाकलता येईल हा प्रश्न कायद्याने एकमेकांपासून वेगळे केले, हे या तरतुदीचे वैशिष्ट्य होय.

## पार्श्वभूमी

विवाहानंतर स्त्रीने पतीच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या घरी राहायला जाण्याची प्रथा भारताच्या बहुतेक भागांत आहे. ते घर सहसा पतीच्या, सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असते. माहेरच्या घरावरील तिचा हक्क व्यवहारात बहुधा सोडून दिला जातो. त्यामुळे मारहाण झाली तरी तक्रार करण्यापूर्वी ‘तक्रार केल्यावर राहायचे कोठे’ हा प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. घराबाहेर काढण्याची धमकी हे स्वतंत्र दडपणाचे साधन ठरते. अनेकदा तिच्याच बळावर हिंसा वर्षानुवर्षे चालू राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवल्याचे नोंदवले आहे.

घराची मालकी आणि हिंसा यांचा संबंध अभ्यासातूनही दिसून आला आहे. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ग्रामीण व शहरी भागांत सुमारे ५०० विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. जमीन किंवा घर यांपैकी काहीही नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकालीन शारीरिक हिंसा अनुभवली होती. केवळ जमीन असलेल्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांमध्ये १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांमध्ये ७ टक्के आढळले. स्वतःचे घर असलेल्या स्त्रीला निघून जाण्यासाठी ठिकाण असते आणि ही गोष्ट पतीलाही ठाऊक असते, असे या फरकाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

### २००५ पूर्वीची स्थिती

२००५ पूर्वीच्या कायद्यांत पत्नीच्या निवासाचा विचार प्रामुख्याने पोटगीच्या अंगाने केलेला होता. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ मधील कलम १८ ने पत्नीला क्रूर वागणूक मिळाल्यास वेगळे राहून निर्वाहखर्च मागण्याची मुभा दिली. याचा अर्थ, छळ झाला की पत्नीने घर सोडावे आणि पतीने खर्च द्यावा असा होत असे. घर मात्र पतीकडेच राही. भारतीय दंड संहितेत १९८३ मध्ये समाविष्ट केलेल्या कलम ४९८-अ ने पती व त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता हा गुन्हा ठरवला. (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) परंतु फिर्याद दाखल झाल्यावर त्याच घरात राहण्याची सोय त्या कलमात नव्हती, आणि फिर्यादीनंतर स्त्रीला घराबाहेर काढले जाण्याचा धोका वाढत असे.

माहेरच्या घराबाबतही हक्क अपुरा होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधील कलम २३ नुसार वडिलांच्या राहत्या घरात मुलीला राहण्याचा हक्क होता, पण ती अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. नांदत्या घरी मार खाणाऱ्या विवाहित मुलीचा त्यात समावेश नव्हता. हे कलम २००५ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध सहदायिकी हक्क मिळाला. महाराष्ट्राने अशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती.

### कायद्याची निर्मिती

भारताने १९९३ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसमर्थन दिले. त्याच दशकात स्त्री-संघटना आणि ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही वकिलांची संस्था यांनी कौटुंबिक हिंसाचारावर स्वतंत्र दिवाणी स्वरूपाचा कायदा असावा यासाठी मसुदा तयार केला. या कामात ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांचा प्रमुख सहभाग होता. २००२ मध्ये संसदेत मांडलेल्या सरकारी विधेयकात निवासाचा स्पष्ट हक्क नसल्यामुळे आणि हिंसेची व्याख्या संकुचित असल्यामुळे त्यावर टीका झाली. ते विधेयक पुढे व्यपगत झाले. नव्या विधेयकाला १३ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून कायदा अमलात आला.

## कायद्यातील तरतुदी

### सामायिक घराची व्याख्या

कलम २ (ध) नुसार पीडित स्त्री कौटुंबिक नातेसंबंधात असताना ज्या घरात राहते किंवा पूर्वी कधी राहिली आहे, ते घर ‘सामायिक घर’ होय. ते तिच्या व उत्तरवादीच्या संयुक्त मालकीचे किंवा दोघांपैकी एकाच्या मालकीचे असू शकते. भाड्याचेही असू शकते. उत्तरवादी ज्या एकत्र कुटुंबाचा घटक आहे त्या कुटुंबाच्या घराचाही यात समावेश होतो, मग त्या घरात उत्तरवादीचा किंवा स्त्रीचा स्वतःचा हिस्सा असो वा नसो.

‘कौटुंबिक नातेसंबंध’ ही संज्ञा केवळ पती-पत्नींपुरती मर्यादित नाही. रक्ताचे नाते, विवाह, विवाहसदृश संबंध, दत्तकविधान आणि एकत्र कुटुंबातील सहवास यांचा तिच्यात समावेश आहे. त्यामुळे पत्नीबरोबरच आई, बहीण, मुलगी, विधवा सून आणि विवाहसदृश संबंधात राहणारी स्त्री यांनाही हा हक्क मिळतो. मुलाच्या मारहाणीला कंटाळलेली वृद्ध आई मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश याच कायद्याखाली मागू शकते. कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.

### घर नाकारणे हीच हिंसा

कलम ३ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचे शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे प्रकार दिले आहेत. आर्थिक छळाच्या वर्णनात सामायिक घराचा वापर करण्यास मनाई किंवा अडथळा करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून कुलूप बदलून स्त्रीला घरात येऊ न देणे ही गोष्ट, मारहाण झाली नसली तरी, कायद्याच्या दृष्टीने कौटुंबिक हिंसाचार ठरते.

### निवास आदेश

हिंसाचार झाल्याची खात्री पटल्यास न्यायदंडाधिकारी कलम १९ (१) खाली पुढीलपैकी एक किंवा अधिक आदेश देऊ शकतात :

- स्त्रीला घरातून काढण्यास किंवा तिच्या ताब्यात अडथळा आणण्यास उत्तरवादीला मनाई करणे. त्या घरात उत्तरवादीचा हक्क आहे की नाही हे येथे गौण असते.
- उत्तरवादीला स्वतः घर सोडून जाण्यास सांगणे.
- स्त्री घराच्या ज्या भागात राहते तेथे उत्तरवादी किंवा त्याच्या नातेवाइकांना प्रवेशास मनाई करणे.
- घर विकणे, गहाण ठेवणे किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करणे यांस मनाई करणे.
- न्यायालयाच्या परवानगीशिवाय घरावरील आपला हक्क सोडून देण्यास उत्तरवादीला मनाई करणे.
- सामायिक घरात होती त्याच दर्जाची पर्यायी जागा मिळवून देण्यास किंवा तिचे भाडे भरण्यास उत्तरवादीला सांगणे.

घर सोडून जाण्याचा आदेश स्त्रीविरुद्ध देता येत नाही. त्यामुळे सुनेच्या अर्जावरून सासूला किंवा नणंदेला घराबाहेर काढता येत नाही. त्यांना त्रास देण्यास मनाई मात्र करता येते.

आदेश कागदावर राहू नये म्हणून न्यायदंडाधिकारी नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला स्त्रीला संरक्षण देण्याचा व आदेशाच्या अंमलबजावणीत साहाय्य करण्याचा हुकूम देऊ शकतात. घरभाडे व अन्य देयके भरण्याची जबाबदारी उत्तरवादीवर टाकता येते. स्त्रीधन परत करण्याचा आदेशही याच कलमाखाली दिला जातो.

## दाद मागण्याची पद्धत

अर्ज पीडित स्त्री स्वतः, तिच्या वतीने अन्य कोणी किंवा संरक्षण अधिकारी करू शकतात. तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावा लागतो. स्त्री कायम किंवा तात्पुरती जेथे राहते, नोकरी करते, किंवा जेथे हिंसाचार घडला, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज चालतो. सासर नागपूरला असले आणि स्त्री माहेरी सांगलीला येऊन राहिली असली तर ती सांगलीतच अर्ज करू शकते.

अर्ज मिळाल्यापासून साधारणपणे ३ दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ सांगते. तातडीच्या प्रसंगी कलम २३ खाली अंतरिम आदेश, आणि प्रतिज्ञापत्राच्या आधारे एकतर्फी आदेशही देता येतो. घरातून नुकतेच काढले गेले असल्यास किंवा घर विकले जाण्याची शक्यता असल्यास या कलमाला विशेष महत्त्व असते. आदेशाविरुद्ध ३० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते. घटस्फोट, पोटगी किंवा ताब्याचा दावा दुसऱ्या न्यायालयात चालू असेल तर कलम २६ नुसार निवासाची मागणी त्या दाव्यातही करता येते.

अशा प्रकरणांत दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : घरातील वास्तव्य आणि घडलेली हिंसा. वास्तव्यासाठी शिधापत्रिका, आधार कार्ड, मतदार यादीतील नोंद, मुलांच्या शाळेतील पत्ता, गॅस जोडणीचे पुस्तक, बँकेचा पत्रव्यवहार अशी साधी कागदपत्रे उपयोगी पडतात. घराचे खरेदीखत अर्जदार स्त्रीकडे असणे आवश्यक नसते.

## न्यायालयीन अन्वयार्थ

### बत्रा निकाल (२००६)

कायदा अमलात आल्यानंतर दोनच महिन्यांत, १५ डिसेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘एस. आर. बत्रा विरुद्ध तरुणा बत्रा’ या प्रकरणात सामायिक घराचा अर्थ संकुचित केला. घर सासूच्या मालकीचे होते. पतीच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा तो घटक असलेल्या एकत्र कुटुंबाचे घरच सामायिक घर ठरते. सासू किंवा सासऱ्याच्या स्वतंत्र मालकीचे घर ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ‘कधीही राहिली असेल ते घर’ असा शब्दशः अर्थ घेतल्यास पतीच्या प्रत्येक नातेवाइकाच्या घरावर पत्नी हक्क सांगेल आणि गोंधळ माजेल, अशी भीती न्यायालयाने व्यक्त केली. पर्यायी जागेची मागणीही केवळ पतीविरुद्ध करता येईल, असा निर्णय दिला गेला.

या निकालाचा परिणाम चौदा वर्षे टिकला. घर आईवडिलांच्या नावावर असल्याचे दाखवले की सुनेचा दावा बहुधा फेटाळला जाई. कलम १७ मधील ‘मालकी असो वा नसो’ हे शब्द त्यामुळे निष्प्रभ झाल्याची टीका विधिज्ञांनी केली. काही उच्च न्यायालयांनी वेगळी वाट काढली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रोमा तिवारी प्रकरणात, घर सामायिक असल्याचे एकदा सिद्ध झाले की मालकीचा प्रश्न गौण ठरतो, असे स्पष्ट केले.

### आहुजा निकाल (२०२०)

१५ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी व न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने ‘सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा’ या प्रकरणात बत्रा निकाल चुकीचा ठरवला. घर पतीच्या कोणत्याही नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी स्त्री तेथे कौटुंबिक नातेसंबंधात राहत असेल तर ते सामायिक घर होऊ शकते, असा निर्णय न्यायालयाने दिला.

बत्रा निकालातील गोंधळाच्या भीतीलाही या निकालात उत्तर आहे. सामायिक घर ठरण्यासाठी वास्तव्यात काही स्थैर्य आणि ते घर म्हणून वापरण्याचा हेतू असावा लागतो. पाहुणी म्हणून चार दिवस राहिल्याने कोणाचेही घर सामायिक होत नाही. त्याचबरोबर हा हक्क अबाधित नाही, हेही न्यायालयाने सांगितले. घरमालक असलेले सासू-सासरे दिवाणी दावा लावून कायदेशीर मार्गाने ताबा मागू शकतात, आणि उतारवयात शांततेने राहण्याचा त्यांचा हक्कही न्यायालयाने विचारात घ्यावा लागतो. परस्पर कुलूप लावणे, सामान बाहेर फेकणे किंवा वीज तोडणे हा कायदेशीर मार्ग नव्हे.

### ज्येष्ठ नागरिकांचा कायदा

‘आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ खाली न्यायाधिकरणापुढे झटपट सुनावणी होते. त्याचा उपयोग सुनेला घराबाहेर काढण्यासाठी होऊ लागला. काही प्रकरणांत वृद्धांचा छळ खराच होता. काहींत मात्र पतीच पडद्याआड राहून आईवडिलांना पुढे करत असे. १५ डिसेंबर २०२० रोजी ‘एस. वनिता विरुद्ध उपायुक्त, बेंगळुरू नागरी जिल्हा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायद्यांचा मेळ घालून अर्थ लावला. संक्षिप्त कार्यवाहीच्या मार्गाने स्त्रीचा निवासाचा हक्क नष्ट करता येणार नाही, असे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात म्हटले.

### अन्य महत्त्वाचे निकाल

- व्ही. डी. भनोत प्रकरण (२०१२) : कायदा अमलात येण्यापूर्वी सामायिक घरात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण मिळते.
- हिरल हर्सोरा प्रकरण (२०१६) : मुंबईतील या प्रकरणात ‘उत्तरवादी’च्या व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द घटनाबाह्य ठरवून वगळण्यात आले. त्यामुळे कुटुंबातील स्त्रियांविरुद्धही दाद मागता येते.
- प्रभा त्यागी प्रकरण (२०२२) : न्या. एम. आर. शाह व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी विधवा सुनेचा हक्क मान्य केला. विवाहानंतर स्त्री त्या घरात प्रत्यक्ष राहिली नसली तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क संपत नाही. तसेच संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नाही म्हणून आदेश अडून राहत नाही.

## हक्क टाळण्याचे प्रकार

निवासाचा हक्क थेट नाकारण्याऐवजी घरच हातातून निसटेल अशी व्यवस्था करण्याचे काही प्रकार न्यायालयांपुढे वारंवार आले आहेत. पती आपला हिस्सा हक्कसोडपत्राने किंवा बक्षीसपत्राने वडिलांच्या अथवा भावाच्या नावे करून देतो. आईवडील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन मुलाशी आपला संबंध उरला नसल्याचे घोषित करतात आणि नंतर सुनेविरुद्ध ताब्याचा दावा लावतात. पती दुसरीकडे भाड्याने राहायला जातो आणि पत्नी एकटीच मूळ घरात उरते. गृहकर्जाचे हप्ते थकवून बँकेची जप्ती ओढवून घेतली जाते. वीज किंवा पाण्याची जोडणी तोडली जाते.

कलम १९ मधील हस्तांतरणाला व हक्क सोडण्याला मनाई करणारे आदेश यांवरच उपाय म्हणून योजलेले आहेत. मात्र ते व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी मिळाले तरच त्यांचा पुरेसा उपयोग होतो. म्हणून अर्जासोबतच अंतरिम मनाईची मागणी केली जाते. आदेशाची प्रत दुय्यम निबंधक कार्यालय, गृहनिर्माण संस्था आणि कर्ज देणारी बँक यांना देण्याचा सल्लाही वकील देतात.

## भाड्याचे घर आणि नव्या घराचा शोध

भाड्याचे घरही सामायिक घर असू शकते, परंतु घरमालक हा कौटुंबिक नातेसंबंधातील व्यक्ती नसल्यामुळे त्याच्याविरुद्ध निवास आदेश मिळत नाही. पतीने भाडे थांबवले किंवा घरमालकाशी संगनमत करून जागा सोडून दिली तर स्त्रीची स्थिती नाजूक होते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा बी. पी. अचला आनंद प्रकरणातील २००५ चा निकाल महत्त्वाचा आहे. पतीने सोडून दिलेली पत्नी भाड्याच्या वैवाहिक घरात राहत असेल तर बेदखलीच्या दाव्यात ती स्वतः हजर होऊन भाडेकरूला उपलब्ध असलेले बचाव मांडू शकते, असे त्यात ठरले. त्यासाठी भाडे भरण्याची तयारी मात्र तिला दाखवावी लागते. घटस्फोटानंतर हा हक्क हुकूमनाम्यातील अटींवर अवलंबून राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. शहरांत प्रचलित असलेल्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स कराराची जागा मुदत संपली की सोडावी लागते. तेथे पर्यायी जागा किंवा भाड्याची रक्कम मागणे हाच मुख्य उपाय उरतो.

घर सोडून आलेल्या स्त्रीला नवे घर मिळणे हा यापुढचा प्रश्न आहे. एकट्या, विभक्त किंवा घटस्फोटित स्त्रीला जागा देण्यास अनेक घरमालक तयार नसतात. नवऱ्याचे नाव विचारले जाते, तो येऊन गोंधळ घालेल अशी शंका घेतली जाते, अनामत रक्कम जास्त मागितली जाते. अशा कारणांसाठी खासगी घरमालकाने जागा नाकारण्यास मनाई करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा भारतात नाही. संविधानाचे कलम १५ (१) राज्यसंस्थेने करावयाच्या भेदभावाला प्रतिबंध करते. खासगी सहकारी गृहनिर्माण संस्थेला ते थेट लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात म्हटले. परिणामी, २००५ चा कायदा स्त्रीला जुन्या घरात संरक्षण देतो. नव्या घराच्या दारात मात्र तिला घरमालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.

तात्पुरत्या आश्रयासाठी कलम ६ नुसार निवारागृहाच्या प्रमुखाने पीडित स्त्रीला प्रवेश देणे बंधनकारक आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप केंद्रांत अल्पकाळ निवास, समुपदेशन, वैद्यकीय व कायदेविषयक मदत एकत्र मिळते. १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

## महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात या कायद्याच्या आधीपासून पोलीस व समाजकार्य यांची सांगड घालणारा एक प्रयोग चालू आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आवारातच बसून तक्रारी ऐकतात, घरी परतण्याची वा सामान मिळवण्याची व्यवस्था करतात. पुढे राज्याच्या अन्य जिल्ह्यांतही असे कक्ष उघडले गेले.

मालकीच्या नोंदीत स्त्रीचे नाव आणण्याचे प्रयत्नही राज्यात झाले. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी असे आवाहन केले. ‘घर दोघांचे’ या उपक्रमाने ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्यावर भर दिला. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारी सदनिका पती-पत्नींच्या संयुक्त नावे दिली जाते. संयुक्त नोंद असल्यास घर परस्पर विकणे कठीण होते आणि स्त्रीला निवासाच्या हक्काबरोबर मालकीचाही आधार मिळतो.

गोव्यात परिस्थिती मुळातच वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा लागू असून, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास पती-पत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते. स्थावर मालमत्ता विकण्यासाठी दोघांची संमती लागते. २००५ चा कायदाही गोव्याला लागू आहे. मात्र घर सासू-सासऱ्यांचे असेल तर तेथील सुनेलाही कलम १७ चाच आधार घ्यावा लागतो.

## मर्यादा आणि टीका

कायद्याच्या अंमलबजावणीवरील मुख्य आक्षेप विलंबाचा आहे. ६० दिवसांची मुदत मार्गदर्शक स्वरूपाची असल्यामुळे अर्ज अनेकदा वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. निवासाच्या बाबतीत विलंब विशेष घातक ठरतो, कारण घराबाहेर काढलेली स्त्री निकाल लागेपर्यंत माहेरी किंवा अन्यत्र स्थिरावते, मुलांची शाळा बदलते, आणि परतण्याचा आदेश मिळाला तरी परतणे शक्य राहत नाही. अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचे पद अन्य सरकारी अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवलेले असते.

दुसरा आक्षेप शिक्षेच्या तरतुदीबाबत आहे. कलम ३१ नुसार संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या कलमात निवास आदेशाचा नावानिशी उल्लेख नाही. त्यामुळे निवास आदेशासोबत संरक्षण आदेशही मागण्याची पद्धत पडली आहे.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. ज्या घरात मारहाण झाली त्याच घरात परत पाठवणे म्हणजे संरक्षण नव्हे, असे स्त्री-संघटना सांगतात. केवळ प्रवेशाचा आदेश मिळून उत्तरवादी त्याच घरात राहिला तर धोका कायम राहतो. अशा वेळी उत्तरवादीला बाहेर काढण्याचा किंवा समान दर्जाच्या पर्यायी जागेचा आदेश अधिक उपयुक्त ठरतो. दुसऱ्या बाजूने, कायद्याचा वापर मालमत्तेच्या वादात दबावासाठी होतो, असा आक्षेप ज्येष्ठ नागरिकांच्या व पुरुषांच्या काही संघटना घेतात. आहुजा व वनिता या दोन्ही निकालांत न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या हक्कांचा तोल राखण्यावर भर दिला आहे.

## इतर देशांतील तरतुदी

इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने पतीच्या मालकीच्या वैवाहिक घरात राहण्याचा पत्नीचा हक्क मान्य केला आणि १९७६ च्या कायद्याने हिंसक जोडीदाराला घराबाहेर ठेवण्याचे आदेश सुलभ केले. सध्या असे आदेश १९९६ च्या कुटुंब कायद्याखाली दिले जातात. ऑस्ट्रियात १९९७ पासून पोलीस स्वतःच हिंसा करणाऱ्याला काही दिवसांसाठी घरातून बाहेर काढू शकतात. भारतात मात्र त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

अमेरिकेत भर घरमालकांकडून होणाऱ्या भेदभावावर आहे. तेथील सार्वजनिक गृहनिर्माणात कुटुंबातील एकाच्या गुन्ह्यासाठी संपूर्ण कुटुंबाला घर सोडावे लागे. त्यामुळे मार खाणारी स्त्रीही बेघर होई. स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याच्या २००५ मधील नूतनीकरणाने सार्वजनिक व अनुदानित घरांतील पीडितांना या कारणावरून घर नाकारण्यास किंवा घरातून काढण्यास मनाई केली. २०१३ मध्ये ही तरतूद आणखी गृहयोजनांना लागू झाली. करार विभागून केवळ हिंसा करणाऱ्याला बाहेर काढण्याची सोयही तेथे आहे. काही शहरांत वारंवार पोलीस बोलावल्यास ते घर ‘उपद्रवी’ ठरवून भाडेकरूला काढण्याचे नियम होते. पेन्सिल्व्हेनियातील नॉरिस्टाउन येथील अशा नियमाविरुद्धचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. २०२२ च्या नूतनीकरणाने मदतीसाठी पोलिसांना बोलावण्याच्या हक्काला संरक्षण दिले.

## हे सुद्धा पहा

- कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५
- स्त्रीधन
- हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६
- आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७
- पोटगी
- गोव्याचा नागरी कायदा